सशाविना सशाचा रस्सा

नवी रायफल घेतलेल्या माणसाइतकं शहाणं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही टेक्सासमध्ये, अर्विंगच्याही पुढे, उजाड भागात राहायचो. मामंजी कोल्हापूरहून आलेले. महिनाभर माझी फ्रोजन कोंबडी निमूट खाल्ली, आणि परत जायच्या आदल्या दिवशी हळूच म्हणाले, "सूनबाई, कुंपणापाशी ससे दिसतात. रस्सा जमेल का?" सासऱ्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी लगेच खोबरं भाजायला घेतलं.

सशापुरती माझी जुनी बावीसची, म्हणजे बारीक गोळीची रायफल होतीच. तेवढ्यात ह्यांचे इंजिनिअर मित्र टपकले, कोरी रायफल मिरवत. "वहिनी, तुम्ही वाटण बघा. ही पण बावीसच आहे."

मी काडतूस हातात घेतलं. गोळी माझ्या गोळीएवढीच बारीक, पण मागची पुंगळी बाटलीसारखी, दारूने ठासलेली. लांबवरचा कोयोट, म्हणजे तिकडचा कोल्हा, जागीच पाडायला केलेली वस्तू ती. कोयोट कोणी खात नाही, त्यामुळे त्याच्या मांसाचं काय होतं याची कोणाला फिकीर नसते.

"भाऊजी, यानं मांस उरणार नाही."

"छोटी गोळी, छोटं भोक. साधं फिजिक्स आहे, वहिनी."

ह्यांनी मान डोलावली. डिग्री दिसली की ह्यांची मान आपोआप हलते.

"आवाज पण छोटाच," असं वर ज्ञान देऊन स्वारी कानात बोळेसुद्धा न घालता गेली.

बार असा झाला की मामंजींचा चहा बशीत सांडला. थोड्या वेळाने भाऊजी आले. एका हाताने कान चोळत होते, दुसऱ्यात सशाचे दोन कान आणि कातडीची चिंधी.

"बाकीचा ससा?" मामंजींनी विचारलं.

"काय म्हणालात, काका?" भाऊजी ओरडले. बहिरे झाले होते.

मी माझी रायफल घेऊन अंधार पडेपर्यंत कुंपणापाशी बसले. त्या बारानंतर तिथे उंदीरही फिरकला नाही. शेवटी वाटणात बटाटे सोडले.

जेवताना भाऊजी वारा कसा आडवा होता ते समजावत होते, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागत होते. मामंजींनी ताटातून डोकं वर काढलं नाही.

"सूनबाई, ह्या पाहुण्यांचा बटाटा कुस्करून वाढ," ते म्हणाले. "ह्यांना तसाच लागतो."