गलाईवाल्यांचा नकाशा

निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प बसावं. मी भारताचा नकाशा काढला.

तीस वर्षं भूगोल शिकवला, आता हात शिवशिवतात, असं मी गावभर सांगत होतो. ते खोटं होतं. आमचा मुलगा तीन जत्रा गावी आला नव्हता आणि चौथी तोंडावर होती. वाचनालयाच्या भिंतीवर, त्या नकाशात आपल्याही नावाचा धागा आहे असं कानावर गेलं तर येईल, एवढाच माझा डाव.

आमचं गाव कुंडलच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात. घरातला एक भाऊ ऊस बघतो, एक फौजेत जातो आणि एक गलाईला. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. त्यापायी आमची माणसं देशभर पांगलीत. जिथली पाटीही वाचता येत नाही अशा शहरात सराफ पेठेमागच्या बोळात शिरा, कुणीतरी "जेवलासा का?" म्हणून विचारतंच.

आणि ज्या शहरात दुकान, तेच घराचं नाव. नेल्लोरवाले, पाटणावाले, सेलमवाले. आडनाव फक्त रेशनकार्डावर.

मग मला कुणाला विचारायची गरजच काय? घरी बसलो, ओट्यावरून ओरडून मारलेल्या हाका आठवल्या आणि टाचण्या ठोकत गेलो. गावापासून नेल्लोरपर्यंत पिवळी लोकर, पाटण्यापर्यंत पिवळी लोकर. मुलगा सेलमवाल्यांच्या दुकानात कामाला गेला होता, म्हणून सेलमला एकच लाल धागा. डी. एड. अर्धवट सोडून गेला तो. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, "भूगोलाच्या मास्तरचा पोरगा आता लोकांच्या सोन्यावर फुंकर मारत बसणार?" वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. दोन-तीन जणांना परत ऐकवलंही.

जत्रेच्या सकाळी वाचनालयात ही गर्दी. बाहेरून आलेली मंडळी आंघोळ करून, नवे सदरे घालून नकाशासमोर. मी हातात छडी घेऊन उभा, सवयीनं.

पहिला नेल्लोरवाला पुढं झाला. "गुरुजी, नेल्लोर सोडून बारा वर्सं झाली. आमी आता भुवनेश्वरला."

"मग नेल्लोरवाले का म्हणतात तुम्हाला?"

"गावाला सवय लागली. आता कुणाकुणाला सांगत बसू?"

पाटणावाला म्हणाला, "पाटण्याला आमचा आजा व्हता. मी पाटणा रेल्वेतनं बघितलंय. मी वारंगळला."

मागून एकजण ओरडला, "गुरुजी, ह्यो नकाशा आज्याच्या जत्रंचा हाय व्हय?"

वाचनालय हसलं. मी म्हणालो, "मुद्दाम चुकवलाय. बघत होतो कोण ओळखतंय." यावर आणखी हसले. एक फौजी सुट्टीवर आला होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "जागा सांगता येत न्हाई गुरुजी. वर कुठंतरी लावा, बर्फात." निदान त्याचा धागा तरी चुकायचा नव्हता.

मग सेलमवाला जवळ आला. तो हसत नव्हता.

"तुमचा पोरगा आमच्याकडं न्हाई आता. दिवाळीलाच त्यानं स्वतःची भट्टी टाकली. सिलीगुडीला. तुमास्नी ठाव न्हाई?"

सिलीगुडी मला शोधावं लागलं नाही. चहा, लाकूड, ईशान्येकडं जाणारी चिंचोळी पट्टी. पाच मार्कांचं उत्तर. मी सेलमची लाल धाग्याची टाचणी उपटली आणि बंगालात खोचली.

"जरा वर घ्या," मागून बायको म्हणाली. देवळातून परस्पर आली होती, हातात नारळाची पिशवी. "डोंगराच्या पायथ्याला हाय म्हनला."

माझ्या माहितीत तिनं कधी नकाशा बघितला नव्हता. टाचणी खरंच खाली लागली होती. मी वर घेतली.

घरी जाताना विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"रोज फोन असतोय की त्येचा. दुपारचा. तुमी झोपलेलं असताय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आवं, तुमी इचारलं कवा?"

वाईट वाटायला हवं होतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की जीभ गालाला लागते, पण गाल आपला वाटत नाही. तसं काहीतरी होतं. जेवलो. पुरणपोळी होती एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन नकाशाखाली बसलो. येईल त्याला एकच प्रश्न, "सध्या कुठं?" आणि पेन्सिलीनं नोंद. नाव, घर, गाव, किती वर्षं. चार रकाने आखले होते. दुपारपर्यंत अर्धा भारत इकडचा तिकडं झाला, जुन्या टाचण्यांची भोकं तेवढी राहिली. जत्रा पांगली. पोरं परत गाड्या पकडायला निघाली.

एकच नोंद उरली होती. घरी जाऊन बायकोच्या फोनवरून लावला.

"बोल आई."

"मी बोलतोय."

पलीकडं भट्टीच्या पंख्याचा आवाज.

"बोला आबा."

वाटेत मी बरंच काही जुळवून आणलं होतं. पण सकाळपासून तोंडात एकच वाक्य बसलेलं.

"सध्या कुठं?"

"सिलीगुडी. नकाशासाठी इचारताय?"

नाही म्हणायला एक क्षण होता. तो मला दिसलाही.

"व्हय," मी म्हणालो.

"मग लिवा."

फोन ठेवला त्यानं. मी लिहिलं. नाव, घर, सिलीगुडी, वर्षांच्या जागी 'दिवाळीपासून'.

बायको पदराला हात पुसत दारात आली. "काय म्हनला?"

"लिवा म्हनला."

"आन् कसा हाय?"

मी वहीत बघितलं. तो रकाना मी आखलेला नव्हता.