गळलेल्या तळटीपा

नारपोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एक निवृत्त नर्सबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या ओव्या त्यांनी फुकटच्या सॉफ्टवेअरवर स्वतः टाइप केल्या होत्या. प्रत्येक ओवीला तळटीप: सांगणारीचं नाव, गाव.

"भाऊ, बाकी कसंही लावा, नावं हलू देऊ नका. रेशनकार्ड सोडलं तर ह्यांचं नाव कुठं छापलंय?"

पानं लावायचं माझं सॉफ्टवेअर जुनं. त्याला त्यांच्या सॉफ्टवेअरची ओडीटी फाईल उघडत नाही, युनिकोडमधलं मराठीही कळत नाही. मग आम्ही सगळेच करतो ते मी केलं. मजकूर उचलून नोटपॅडात टाकला, कन्व्हर्टरमधून जुन्या फॉण्टात आणला, पानांत ओतला. ह्यात तळटीपा गळतात. ओव्यांपुढे टीपांचे नुसते आकडे उरले होते.

टीपा एकेक करून हाताने बसवायला हव्या होत्या. पण लग्नपत्रिकांचा सीझन होता. प्रुफं दाखवताना मी म्हणालो, "ताई, टीपा शेवटी टाकतो." शेवटी मी आकडे पुसले. पान स्वच्छ दिसायला लागलं, आणि तसंच छापायला पाठवलं.

वस्तीतल्या बुद्धविहारात पुस्तकाचं प्रकाशन झालं. ओव्या सांगणाऱ्यांपैकी, पडघ्याहून आलेल्या एक मावशी पुस्तक नातीपुढे धरून बसल्या होत्या. "माजा नाव कुठं हाय गं?"

"न्हाय दिसत, आजी."

"नीट बघ. शाळंत काय झोपा काढतेस?"

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ताई, तुमच्या त्या फुकटच्या फाईलीतच घोळ होता."

नर्सबाई मावशींजवळ जाऊन बसल्या. "मावशी, माझं चुकलं. मला नीट टायपिंग जमलं नाही."

त्यानंतर त्यांनी टायपिंग सोडलं. कितीतरी ओव्या अजून घ्यायच्या होत्या, तेही सोडलं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आकडे तुम्ही पुसले?"

"हो."

"म्हणजे दिसलं होतं तुम्हाला." त्या भाजी निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? मावशींना सांगा. त्यांना वाटतंय, आपली ओवी चांगली नव्हती म्हणून नाव काढलं."

हे मला ठाऊक नव्हतं. पडघ्याला जायला रिक्षा मिळते, बस मिळते. मी अजून गेलेलो नाही.