डोळ्याच्या खोबणीतली भेग

पापणीवर बोट ठेवून मी हलकेच दाबलं आणि आत कुरकुर झाली. पोह्याचा पापड मुठीत चुरावा तशी.

“जनार्दनभाऊ, नाक शिंकरलंत तुम्ही.”

“न्हाय मॅडम. पोरीची आन. एकदा पन न्हाय.”

उजवा डोळा सुजून पार मिटला होता. पापणीखाली हवा शिरल्याशिवाय अशी कुरकुर होत नाही आणि ही हवा येते नाकाच्या बाजूनं. पेशंट थापा मारतात, त्याची मला सवय आहे. पण हा माणूस थाप मारतोय असं वाटत नव्हतं. शेजारी त्यांची बायको, सुमनताई, पदराशी चाळा करत बसली होती.

आदल्या आठवड्यात दोघं पहिल्यांदा आले होते. जनार्दनभाऊ भिवंडीजवळ काल्हेरला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. गावातल्या टेनिस क्रिकेटच्या टूर्नामेंटला अंपायर म्हणून उभे होते आणि बॅट्समननं मारलेला बॉल थेट डोळ्यावर बसला. खाली बसायच्या आधी हात आडवा करून नो-बॉल दिला, असं सुमनताई सांगत होत्या. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, कळलं नाही.

मी डोळ्यांची सर्जन, त्यातही खोबणीच्या कामाची. माझ्या भिवंडीच्या क्लिनिकमध्ये लोक चष्म्याचा नंबर काढायला येतात, तेव्हा त्यांना वाटतं डोळा म्हणजे समोर दिसतो तेवढाच. खरा पसारा मागे असतो. डोळ्याचा गोळा ज्या खोबणीत बसतो ती सात हाडांची बनलेली. तिची कडा जाड. साधा बुक्का त्या कडेवरच अडतो. पण आतला तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. आत चरबीची गादी, गोळा फिरवणारे सहा स्नायू, आणि मागच्या भोकातून मेंदूकडे जाणारी नजरेची नस. तळाच्या खाली गालातली पोकळी, म्हणजे सायनस. थोडक्यात, डोळ्याची फरशी म्हणजे सायनसचा स्लॅब. बॉल जोरात बसला की बऱ्याचदा हा स्लॅब तडकतो, दाब खाली निघून जातो आणि गोळा वाचतो.

जनार्दनभाऊंचा असाच वाचला होता. सीटी स्कॅनमध्ये तळाला एक भेग दिसत होती. थोडी चरबी खाली उतरली होती, स्नायू अडकला नव्हता. वर पाहिलं की दोन-दोन दिसायचं, गाल बधिर. ऑपरेशनची गरज नव्हती. मी बजावलं होतं, काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाहीतर सायनसमधली हवा भेगेतून वर डोळ्याकडे घुसते.

आणि आता ती घुसली होती.

“सांगा ना,” सुमनताई नवऱ्याला म्हणाल्या. मग त्याच माझ्याकडे वळल्या. “मॅडम, यांनी नाक न्हाय शिंकरला. यांनी बाजा फुकला.”

“कसला बाजा?”

“ट्रम्पेट,” जनार्दनभाऊ म्हणाले. “मी ब्रास बँडमधे हाय ना. तुमी नाक बोल्लेलं. बाजा तं तोंडानं वाजवतात.”

मला हसू आलं, पण ते क्षणभरच. तोंड, नाक, सायनस सगळं मागच्या बाजूनं एकमेकांत उघडतं. गाल फुगवून ट्रम्पेट फुंकायची म्हणजे नाक शिंकरण्याच्या वरताण. मी घाईनं नजर तपासली, बाहुलीवर टॉर्च मारला. नशीब, नस शाबूत होती. साठलेली हवा आपोआप जिरणार होती.

“पुन्हा फुंकलंत आणि हवा गोळ्याच्या मागे कोंडली, तर नस दाबली जाईल. डोळा कायमचा जाऊ शकतो. समजतंय?”

“पोरीची हलद हाय मॅडम. पंधरवड्यावर आली.”

“मग? बँडमध्ये दुसरं कोणी नाही?”

“मजीदभाई हाय. त्याचा हात माझ्यापरीस गोड.” ते म्हणाले. “गावातल्या सगल्या पोरींची हलद मी वाजवली. माझी दर्शना ल्हान होती तवा माझ्यासंगती यायची, बाजाच्या पेटीवर निजायची. माझ्या हलदीला पन तूच वाजव, बोलायची. आता तिची हलद दुसऱ्यानं वाजवायची?”

“तुमचं जुनं काही रेकॉर्डिंग असेल तर ते लावा ना.”

“त्यो डीजेवाल्यांचा धंदा,” ते तुटकपणे म्हणाले. आणि मग अगदी हिशेबी आवाजात, “दोन डोले हायत मॅडम. एक पोरीच्या नावानं गेला तं गेला.”

सुमनताईंनी तोंड फिरवलं. मी भडकले. म्हटलं, “असलं काही माझ्यासमोर बोलायचं नाही. मुलीला हळदीच्या आठवणीत बापाचा आंधळा डोळा द्यायचाय का?” रागावले खरी, पण त्यांचं चुकत होतं असं मला मनातून म्हणवत नव्हतं.

हळदीचं निमंत्रण आलं. जनार्दनभाऊंवर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी गेले.

मांडवात पाय ठेवला तर बँडचा लाल कोट घालून जनार्दनभाऊ पुढे उभे, ट्रम्पेट ओठांना लावलेली. गर्दीतून वाट काढत मी तशीच पुढे घुसले. सूर भरभरून येत होता. जवळ जाऊन त्यांचे गाल पाहिले. फुगलेले नव्हते. सूर शेजारच्या मजीदभाईंच्या ट्रम्पेटमधून येत होता. जनार्दनभाऊंची नुसती बोटं चालली होती, वर-खाली, सुरागणिक बिनचूक.

मी गाल न्याहाळतेय हे पाहून मजीदभाईंनी मला ओळखलं असावं; कडवं संपताच ट्रम्पेट खाली घेऊन ते म्हणाले, “टेन्शन मत लो डॉक्टर. जनूभाईची बोटं बघूनच वाजवतोय मी.”

पाटावर हळदीनं माखलेली दर्शना बसली होती. ती मजीदभाईंकडे पाहत नव्हती. बापाच्या बोटांकडे पाहत होती. खरं सांगते, डॉक्टर असूनही मला त्या वेळी फार वाटलं, एकदाच फुंकावं यांनी, एकच फुंक. त्यांनी फुंकली नाही.

दर्शना लग्न होऊन उरणला गेली. पुढच्या तपासणीत भेग बुजली होती. डबल दिसणं थांबलं होतं. गालाला पुन्हा स्पर्श कळत होता.

“झालं. आता फुंका पाहिजे तेवढं,” मी म्हटलं.

त्यांनी ट्रम्पेट सोबतच आणली होती. मी म्हटलं, इथं नको, बाहेर पेशंट आहेत. ते खाली पार्किंगमध्ये गेले आणि हळदीचं तेच गाणं वाजवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वेटिंग रूममधली बडबड थांबली. वर आले तेव्हा मी पापणी दाबून पाहिली. कुरकुर नाही, सूज नाही.

“एकदम ओके आहे,” मी म्हटलं.

“डोला ओके हाय,” ते म्हणाले. “पन घरी बाजा नुसता हातात घेतला का सुमन बोलते, ठेवून द्या. पोरीची हलद आठवून रडू येतं तिला.”

खोबणीचं हाड कसं तुटतं, कसं सांधतं, हे मला नीट येतं. माणसाची हौस राहून गेली तर काय करायचं, ते आमच्या विषयात नाही. एवढंच सांगते, डोळा वाचवल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले, आणि ते घेताना मला अवघड झालं.