मायाप्पांचं आतडं, भागव्वांची किडनी

ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स म्हणून राबलं की किस्से आपोआप साठतात. घरी भाजी चिरताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. सासूबाई विचारतात, "काय झालं गं?" आता आम्ही वॉर्डात कशाकशाची वाट बघतो, हे जेवणाआधी कसं सांगायचं!

मायाप्पा मंद्रूपचे, मेंढरं राखणारे. त्यांना किडनी दिली बायकोनं, भागव्वांनी. किडनी झकास चालली होती; वर्षभरानं मायाप्पा पोट फुगून आले.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय."

भागव्वा पुढं झाल्या. "सकाळी भाकरी नगं म्हनाले! डॉक्टर, किडनी म्या दिलीया, माजं ऐका!"

डॉक्टरांनी ऐकलं. किडनी टिकवायच्या गोळ्यांनी पोटदुखीही झाकली जाते. एक्स-रे काढला, तर आतड्यात अडथळा!

*

पोट रिकामं करायला नाकातून नळी घातली. मायाप्पा वैतागले, "वेसन घातली की मला!"

भागव्वा म्हणाल्या, "लगीन झालं तवाच घालाय पायजे हुती!"

*

नळीनं भागेना. ऑपरेशन ठरलं. भागव्वा चहाला गेल्यावर मायाप्पांनी मला हळूच जवळ बोलावलं.

"सिस्टर, मी गेलो तर ती किडनी हिला परत बसवता येती का?"

मी सलाईन नीट करत राहिले.

*

जुन्या ऑपरेशनच्या व्रणाला चिकटून पिळलेलं आतडं डॉक्टरांनी सोडवलं. किडनीही शाबूत! आता आतडं चालू व्हायची वाट. डॉक्टर रोज राउंडला विचारायचे, "गॅस पास झाला का?"

"न्हाय."

शेजारच्या बेडवर सलीमचाचा होते, जुने टेलर. त्यांना राहवेना. "कौनसा इम्तिहान है रे बाबा, रोज नापास होरा!"

मायाप्पा पोट धरून हसले. टाके दुखले, पण हसू थांबेना. आणि त्या हसण्यातच निकाल लागला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा! भागव्वांनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

*

परवा दोघं तपासणीला आले. मायाप्पांना वजनकाट्यावर उभं केलं. "काका, वजन वाढलंय की!"

भागव्वांनी वाकून काटा बघितला. "सिस्टर, ह्यातलं माजं किती?"

मी काही बोलायच्या आत मायाप्पा म्हणाले, "समदंच की!"