उचलून बघणारा तांडेल

आमच्या ह्यांना अख्खी वस्ती तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणते. होडी विकून दोन वर्षं झाली तरी म्हणते. गुडघ्यांनी दगा दिला आणि जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिकच जास्त यायला लागलं, म्हणून विकली. तेव्हापासून शहरातल्या लेकाने टुमणं लावलेलं, "आई, तिसऱ्या मजल्यावर खोली रिकामी आहे, या इकडे." तिसरा मजला! हे तिथे खिडकीशी बसून वाळून गेले असते. मी म्हटलं, एक हंगाम थांब. शिंपल्यांचं जमलं नाही तर मुकाट्याने येतो.

शिंपल्यांचं म्हणजे असं, की खाडीत बांबूचा तराफा आणि त्याला लोंबते दहा दोर. शिंपल्यांची नखाएवढी पिल्लं सुती कापडाने दोराला गुंडाळायची आणि पाण्यात सोडायची. कापड कुजून जातं, तोवर पिल्लांनी दोर घट्ट धरलेला असतो. मग पाच महिने काही करायचं नाही. आम्हा बायकांच्या गटाला शिकवायला आलेल्या बाईंनी तीनतीनदा बजावलं होतं, "हात लावायचा नाही."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं संध्याकाळी टाकलेलं जाळं सकाळी वर ओढलं, त्याला पाच महिने दम कुठला धरवतोय?

तिसऱ्या आठवड्यात बघते तर सहा दोर बोडके! मी खेकड्यांना शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्या बाईंना बोल लावला. मग एका पहाटे ह्यांचं अंथरूण रिकामं दिसलं. धावत खाडीवर गेले. तांडेल तराफ्यावर फतकल मारून सातवा दोर ओढतायत, आणि पिल्लं टपाटप पाण्यात गळतायत.

"अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. लागलंय का ते बघत होतो."

"रोज?"

"रोज कुठे? परवा नव्हतो आलो."

बोंबला! अस्सा संताप आला म्हणून सांगू. "उरलेल्या तिनांपैकी एकालाही बोट लावलंत, तर तिसऱ्या मजल्यासाठी तुमचं बोचकं मी स्वतः बांधीन!"

ह्यांनी सातवा दोर परत पाण्यात सोडला. मग हळूच म्हणाले, "रिकाम्या हाताने घरी यायची सवय नाही गं मला." पण बोचक्याची धमकी काही मी मागे घेतली नाही.

त्यानंतर हे रोज काठावर बसायचे, हात काखेत घालून. येणारेजाणारे विचारायचे, "काय तांडेल, पहारा का?" हे नुसते डोळे वटारायचे.

पाच महिने भरले. तराफ्यावर गेलो. ह्यांनी चक्क मला विचारलं, "उचलू?"

"उचला."

ओढलं, तर दोर हलेना. तोंड लालबुंद. "अडकलाय कुठेतरी."

मी वाकून बघितलं. मांडीएवढा जाड झाला होता, शिंपल्यांनी नुसता लगडलेला. "अडकला नाही हो, भरलाय!"

"मग बघतेस काय नुसती? धर की!"

चाळीस वर्षांत ह्यांनी मला आपल्या होडीवरच्या एकाही दोराला हात लावू दिला नव्हता. मी धरला. दोघांनी मिळून तिन्ही दोर वर घेतले. मला हसू येत होतं आणि रडूही.

पण दहातले तीन, म्हणजे जमलं की फसलं? मला काही कळेना. संध्याकाळी लेकाचा फोन आला. मी शब्द जुळवत होते, तोवर ह्यांनी फोन ओढूनच घेतला.

"येतो रे बाबा, येतो," हे म्हणाले, "पण पाहुणे म्हणून. आणि दोन दिवसच. नवी पिल्लं बांधायचीत, तुझ्या आईला एकटीला नाही उरकायचं ते."