डावखुऱ्या व्याह्यांची काठी

कुंभकोणम् स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझे आयरिश व्याही फिंटन हमालाशी हुज्जत घालू लागले. हातातली लांबट पिशवी ते कुणाला उचलूच देईनात. आत त्यांच्या गोल्फच्या काठीची जुनी दांडी होती आणि तिच्यापायी आम्ही दोघं साताऱ्याहून इथवर आलो होतो. माझी लेक त्यांच्या मुलाला दिली आहे. मुलाचे वडील पहिल्यांदाच भारतात आलेले, म्हणजे मानपान आला. शिवाय मी भूगोलाची निवृत्त बाई, प्रवास म्हटला की मला पंखच फुटतात.

फिंटन वीस वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळले, स्पर्धाही जिंकले. मग हाताला एक खोड लागली. लांबचे फटके झकास, पण खड्डा दोन हातांवर आला की मनगट आपोआप झटका खायचं आणि चेंडू बाजूनं निघून जायचा. त्यातच खेळ सुटला. आता त्यांच्या गावच्या क्लबनं नवं मैदान केलंय आणि तिथला पहिला चेंडू खड्ड्यात घालायला यांनाच बोलावलंय. अख्खं गाव बघणार, म्हणून होकार अडला होता. इथून जवळच्या स्वामीमलैत पंचधातूच्या मूर्ती ओततात, हे लेकीकडून कळल्यावर यांच्या मनानं घेतलं की पटरचं (चेंडू खड्ड्याकडे ढकलायच्या काठीचं) डोकं तिथं ओतून घ्यावं. जड असलं तर मनगट हलणार नाही. तेही नाही जमलं, तर नकार कळवायचा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मी त्यांना गाडीतच समजावली. तंजावरपासून पापनाशम् येईपर्यंत ते हसत होते.

उतरलो ते माधवरावांकडे. तंजावर दरबारापासूनचं मराठी घराणं. “यावें, यावें. काप्पी आधीं, बोलणें मग,” म्हणत त्यांनी कॉफीचा पितळी पेला आणि डबरा (पसरट वाटी) पुढे केला. ती मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. फिंटन डावखुरे, त्यांनी डावा हात पुढे केला. माधवरावांच्या पत्नी सीताबाईंनी पेला त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला.

स्वामीमलैला स्थपती (मूर्तिकार) षण्मुगम यांनी फिंटनना दांडी धरून उभं केलं. माप घ्यायला टेप नाही, तर ओलै, म्हणजे नारळाच्या पातीची पट्टी. ती घड्या घालत घालत त्यांनी दांडी मापली, मग फिंटनच्या हातांकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी गेलो तर मेणाच्या नमुन्यावर कावेरीच्या गाळाचे लेप चढलेसुद्धा होते.

लेप वाळेपर्यंत आम्ही भटकलो. तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेपुढे लेकी-सुनांची लांब रांग होती. रांग दिसली की उभं राहायचं ही फिंटनच्या देशाची रीत, म्हणून हे सहा फुटी आजोबा गरोदर बायकांमध्ये निमूट उभे राहिले. एका म्हातारीनं त्यांना तोंडभर आशीर्वाद दिला. कसला, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अखेर साचा फुटला. आतलं डोकं घासून दांडीवर बसवलं आणि फिंटन उभे राहिले, तर सगळंच उलटं. पटरची एक बाजू सपाट असते, तीच चेंडूला लागते. इथं ती उजव्या हाताच्या माणसासाठी झाली होती. मी भडकलेच. षण्मुगम शांतपणे तमिळमध्ये काही बोलले आणि माधवरावांनी ते मला सांगितलं.

“म्हणतो, अग्नींतून निघालेलें डाव्या हातीं कसें द्यावें? पाहुण्याला ठाऊक नव्हतें, म्हणून नीट करून दिलें.”

साचा एकदाच वापरता येतो आणि आमची गाडी दुसऱ्या दिवशीची. मला रडू यायचं बाकी होतं. फिंटन मात्र खो खो हसत सुटले. तिथलाच एक तांब्या त्यांनी दोन हातांवर आडवा ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा उजवीकडून उभे राहिले. खिशातला चेंडू काढून ढकलला, ठणकन आत. पुन्हा आत. लागोपाठ अकरा वेळा आत, आणि मनगट देवळाच्या खांबाइतकं स्थिर. मग ते एकदम खाली बसले, डोळे भरलेले.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “या बाजूनं घाबरायला मी कधी शिकलोच नाही.”

होकार त्यांनी तिथल्या तिथे फोनवरून कळवला.

साताऱ्याला परतून महिना झाला. काल लेकीनं त्या नव्या मैदानावरचा व्हिडिओ पाठवला. इतकी वर्षं मी मुलांना दिशा शिकवल्या, पण नुसतं वळून उभं राहण्यानं माणूस मोकळा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. व्हिडिओत गावकरी सांगत होते, “फिंटन, उलटा उभा आहेस.” त्यांनी ऐकलं नाही. चेंडू आत गेला आणि मी एकटीच घरात टाळ्या पिटत नाचले. तिकडे सगळं गाव ओरडत होतं. फिंटन मात्र काठी काखेत धरून आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते, फार वर्षांनी माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसे.