औंदा पाणी कुठवर उतरलंय?

ती घटना आठवली, की आधी ती वसाहत डोळ्यांपुढे येते.

काळी नदीवर सुप्याचं धरण झालं, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या माणसांसाठी जोयडा तालुक्याच्या कडेला ही वसाहत बसवली. सरकारनं आखलेल्या सरळ गल्ल्या, सारख्या मापाचे प्लॉट. लोकांनी येताना जुनी घरं मोडून सागवानी चौकटी, कवाडं, कौलंसुद्धा लॉरीत घालून आणली होती. त्यामुळे बुटक्या भिंतीत भलंथोरलं जुनं दार, असं दृश्य तिथं जागोजागी दिसायचं. पुढे खानापूर-बेळगावकडचे व्यापारी आले, गोव्याला जाणाऱ्या गाड्यांसाठी हॉटेलं निघाली, मजले चढले. मी फौजदार म्हणून तिथल्या ठाण्यात रुजू झालो तेव्हा ते गाव धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. जबाब कन्नडात लिहायचा आणि ऐकायचा मराठीत, असा आमचा कारभार.

मे महिन्यातल्या एका सकाळी चाळिशीच्या आसपासचा एक माणूस आई हरवल्याची तक्रार घेऊन आला. म्हातारी सत्तरीची, विधवा, डोकं शाबूत. मुलगा, सून आणि ती, एवढंच घर. आदल्या दिवशी पहाटे उठून गेली ती परतली नव्हती. ठाणे अंमलदारानं मिसिंगची नोंद केली, वर्णन सगळीकडे कळवलं.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "सायेब, म्हातारी कुठं गेली न्हाई. परवा माय-लेकाचं कडाक्याचं भांडान झालंय. घरामागल्या परड्यात ताजा खड्डा बुजवलाय बघा."

मी पंच घेऊन गेलो. परड्यात खरंच माती उकरलेली होती. सगळी गल्ली कुंपणाला लागून उभी. खणलं, तर म्हशीचं मेलेलं रेडकू निघालं. पंचनामा झाला. पण मुलगा मान वर करीना, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. परवा दिवसभर शेतात होतो, असं त्यानं जबाबात सांगितलं होतं. माझ्या हवालदारानं बसस्टँडवर चौकशी केली, तर तो त्या दिवशी खानापूरच्या बसमध्ये चढल्याचं दोघांनी पाहिलं होतं.

त्याला ठाण्यात आणला. पोलिसाशी खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं तेव्हा मला वाटायचं. मी आवाज चढवला. म्हातारीचं काय केलंस, हे एकच चार तास विचारत राहिलो. हात लावला नाही, पण शब्दांनी माराची कसर भरून काढली. बाहेर त्याची बायको पायरीवर बसून होती. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून पुढे जात.

शेवटी तो रडायला लागला. "घर इकायचं ठरवून आलो, सायेब. आईला न सांगता. बेळगावात कामाचं जमलंय माझं. हितं काय हाय आता? पर तिला सांजच्याला कुणीतरी सांगितलं."

"मग भांडण झालं?"

"मीच बोललो. ती काय बोलली न्हाई."

"काहीच नाही?"

"निस्तं इचारलं, औंदा धरणाचं पाणी कुठवर उतरलंय? म्या म्हटलं, मला काय म्हाईत!"

मी पेन खाली ठेवलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की बुडालेली जुनी गावं वर येतात, हे मला ठाऊक होतं. चार तासांत हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला घेऊन मोटारसायकलनं त्यांच्या जुन्या गावाकडच्या जलाशयाच्या काठाला गेलो. एका मासे धरणाऱ्यानं बोट दाखवलं. काठावरच्या एका कुणबी घरात दोन दिवस एक पाहुणी आज्जी उतरली होती. घरातली बाई म्हणाली, "व्हय, उजाडलं की पाण्याकडं जाऊन बसतीया."

पाणी खूप उतरलं होतं. चिखलातून घरांची जोती, विहिरीचा कठडा, झाडांचे काळे खुंट वर आले होते. म्हातारी एका जोत्यावर बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "आज्जी, घरचे काळजीत आहेत. इथं काय करताय?"

"वाट बघाय लागलेय," ती म्हणाली. "त्या दोन खुंटांच्या पल्याड माझी पोरगी हाय."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. या मुलाच्या आधीची पहिली मुलगी, सहा महिन्यांची, तापानं गेली. रीतीप्रमाणं घरामागं पुरली. चार वर्षांनी पाणी आलं.

"देव आणले, गुरं आणली, कवाडं सुदा आणली. पोर कोण आणणार?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "वसाहतीत हुतो तवर वाटायचं, जवळच हाय. आता बेळगावला न्हेणार म्हणं. तिला सांगून जायाचं हाय. आणि चार हात पाणी उतरू दे, मग चला."

पाऊस तोंडावर आला होता. आणखी चार हात पाणी उतरणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक असावं. मोबाईलला रेंज नव्हती. मी हवालदाराला परत पाठवलं, मुलाला ठाण्यातून सोड आणि इकडे घेऊन ये म्हणून. तोवर मी तिच्याशेजारी बसून राहिलो. ती मला चिखलात बोट दाखवून सांगत होती, हितं चूल, हितं गोठा, हितं फणस. मला सगळं दिसायला लागलं.

मुलगा आला तो रागानं लाल झालेला. "आई, तुझ्यापायी मला ठाण्यात..." म्हणाला. तिनं खुंटांकडे बोट दाखवून त्यालाही सगळं सांगितलं. बहीण होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग त्यानं चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरला. खुंटांपर्यंत कंबरभर पाणी झालं.

"हितं?" त्यानं ओरडून विचारलं.

"जरा डावीकडं."

"आता?"

"व्हय, तितंच." म्हातारी उभी राहिली होती. "सांग तिला, आम्ही जातोय म्हणून."

तो छातीभर पाण्यात उभा राहून काहीतरी बोलला. काय, ते आम्हाला काठावर ऐकू आलं नाही.

परतताना मी त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली. त्यानंतर मी शेकडो जबाब घेतले. माणूस कुठे गेला हे विचारण्याआधी त्याचं कुठे काय राहिलंय, हे विचारायची सवय मला त्या तपासानं लावली. खोटं बोलणारा बहुधा गुन्हा नव्हे, लाज लपवत असतो, हेही तिथंच कळलं.

घर विकलं गेलं. ती माणसं त्याच पावसाळ्यात बेळगावला गेली.

केस बंद करताना 'कुठे मिळून आली' या जागी मी त्या बुडालेल्या गावाचं नाव लिहिलं होतं. वरून कागद परत आला: या नावाचं गाव तालुक्याच्या यादीत नाही, खुलासा करावा. मी खाली कन्नडात एक ओळ लिहून कागद पुन्हा पाठवला:

गाव आहे. मी स्वतः जाऊन आलो आहे.